सात नंबरच्या बेडमागची चौकट

पेस्ट कंट्रोलमध्ये ढेकणाचं काम कोणी हौसेनं घेत नाही. झुरळाला जेल लावलं की माणूस मोकळा. वाळवीला ड्रिल मारून औषध सोडलं की वॉरंटी लिहून देता येते. ढेकणाची वॉरंटी देणारा एक तर नवखा असतो, नाही तर खोटारडा. त्यात जागा जर जुन्या वाड्यातलं होस्टेल असेल, तर रोज नव्या बॅगा, रोज नवे लोक, वर सागवानाचं छत आणि मालकाला संध्याकाळच्या आत खोली परत हवी.

ही केस नागपूरच्या महालातली. तिथले जुने वाडे एकेक करून पडताहेत आणि फ्लॅट स्कीम उभ्या राहताहेत. उरलेल्यांपैकी एकाच्या माडीवर लोखंडी डबल-डेकर पलंग टाकून डॉर्म केलेला. मोठ्या खोलीत पोरांचे बारा बेड, लागून असलेल्या लहान खोलीत पोरींचे सहा. गिऱ्हाईक बारमाही. कोणी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, भरती असलेल्या पेशंटचे नातेवाईक, कोणी हायकोर्टाच्या तारखेला आलेले, कोणी ताडोब्याला जाणारे. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीची गर्दी आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. ते अधिवेशन नुकतं आटोपलं होतं तेव्हा केअरटेकरचा फोन आला. "भाऊ, एक पोरगी लई बोंबलून राहिली. मालक म्हणते तिनंच आणले."

मी पोचलो तेव्हा यवतमाळकडून परीक्षेला आलेली ती पोरगी खाली चौकात बॅगेवर बसली होती. तीन रात्री राहिली होती. हातावर, मानेवर चट्टे. बॅगेवर कोणीतरी घरगुती स्प्रे मारल्याचा वास येत होता. डिपॉझिट मालकाकडे अडकलेलं.

मालक भला माणूस आहे, पण घाईत होता. आधी एक स्प्रेवाला येऊन ऑइल बेस, म्हणजे तेलात कालवलेलं औषध, मारून गेला होता. त्याचा वास जायच्या आत बेड पुन्हा विकलेले. "ते धान्यात ठेवायच्या गोळ्या ठेवून द्या ना भाऊ, एका रात्रीत काम होते म्हणते," तो म्हणाला. या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. सिमेंटच्या बंद खोलीतही त्यानं माणसं मेलेली आहेत, इथं तर खालचं छत कडीपाटाचं. दोन फळ्यांच्या फटीतून चिल्लर पडेल अशी अवस्था, आणि खाली शिंप्याचं दुकान. या गोळ्या सरकारमान्य ऑपरेटरशिवाय कोणाला विकायच्याच नाहीत असा नियम आहे. तरी त्या मिळतात आणि लोक उशीखाली ठेवतात. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाचंही तेच. 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे, तरी रॉकेलमध्ये मिसळून मारणारे अजून भेटतात. मी दोन्हीला नाही म्हटलं आणि टॉर्च काढला.

फवारणी आधी आणि पाहणी नंतर, असं करणाऱ्यांनीच हा धंदा बदनाम केला. औषध पडलं की ढेकूण पांगतात. मग मूळ ठिकाण सापडत नाही आणि दोन खोल्यांचं काम पाच खोल्यांचं होतं. आमच्याकडे दिसतो तो बहुतेक उष्ण प्रदेशातला ढेकूण, सिमेक्स हेमिप्टेरस. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांना तो बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही. पलंगाच्या पायाखाली ठेवायच्या गुळगुळीत वाट्यांतूनही हा चढून बाहेर येतो. थंड देशातला त्याचा भाऊ तिथं अडकतो. म्हणून नेटवर वाचून मागवलेल्या त्या वाट्या रिकाम्या दिसल्या, तर ढेकूण नाहीत असं समजू नये.

पाहणीला लागतं ते एवढंच: चांगला टॉर्च, भिंग, जुनं एटीएम कार्ड, स्क्रू-ड्रायव्हर, ओला कापूस आणि वहीत काढलेला खोलीचा नकाशा. गादीच्या कडेची पाइपिंग उलटून बघायची. काळा ठिपका दिसला की त्यावर ओला कापूस फिरवायचा. तांबूस काळं पसरलं तर ती ढेकणाची विष्ठा. नुसती घाण तशी पसरत नाही. प्रत्येक बेडपाशी किती ठिपके, किती कात, किती अंडी, जिवंत किती, हे नकाशावर लिहीत जायचं. खिडकीच्या वर पारव्यांचं घरटं होतं, म्हणून आधी पक्ष्यांवरच्या माइटचा, म्हणजे अगदी बारीक चावऱ्या किडीचा, संशय काढून टाकला. ती माइट मिलिमीटरभरही नसते. इथं जे सापडत होतं ते मसुरीच्या डाळीएवढं होतं.

पलंग चौकोनी पाइपचे. पाइपच्या तोंडाची प्लास्टिकची टोपणं निम्मी पडलेली. कार्ड आत घालून फिरवलं तर कातीचा भुसा बाहेर. हा पलंग स्वस्त पडतो म्हणून सगळे घेतात, पण आतून पोकळ असल्यामुळे वाफही पोचत नाही आणि औषधही. वेल्डिंगवाल्याला शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन तोंडं बंद करून घ्यावीत, एवढं कोणाला सुचत नाही. गादीखालच्या प्लायच्या कडा सुटलेल्या, त्याच्या थरांतही तेच. चुन्याच्या भिंती फोडायच्या नाहीत म्हणून वायरिंग केसिंग पट्टीतून, उशाशी चार्जिंगच्या बोर्डापर्यंत नेलेलं. ती पट्टी ढेकणांना एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जायला आयता रस्ता.

नकाशा भरत गेला तसं चित्र स्पष्ट झालं. पोरांच्या खोलीत दाराजवळच्या बेडवर तुरळक, खिडकीकडे जवळजवळ काही नाही, आणि सात-आठ नंबरला गर्दी. पोरींच्या खोलीत फक्त एका बेडपाशी, जिथं ही पोरगी झोपत होती. हे दोन्ही बेड एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. त्या भिंतीत पूर्वी दार होतं. डॉर्म करताना दार काढलं, मधली जागा दोन्हीकडून प्लाय मारून बंद केली आणि सागवानी नक्षीची चौकट "हेरिटेज लूक" म्हणून तशीच ठेवली. वर पॉलिश, त्यावर पिवळा दिवा. होस्टेलचे सगळे फोटो तिच्यासमोरचे. दोन प्लायच्या मध्ये वीतभर पोकळी.

सात नंबरकडचे स्क्रू काढले आणि प्लाय खाली घेतला. आतल्या बाजूला काठोकाठ काळं. नुसते ठिपके नाहीत, ठिपक्यांवर ठिपके बसून खरवड तयार झालेली. जुन्या बिजागऱ्यांच्या खाचांत आणि अडसराच्या भोकात पांढरी अंडी चिकटलेली. एक मिलिमीटरची, नखानं खरवडल्याशिवाय निघत नाहीत. खाली पोकळीत कातींचा ढीग. अंड्यातून निघालेलं पांढुरकं पिल्लू ते अंड्यांनी भरलेली मादी, पाचही कातींचे टप्पे एकाच ठिकाणी. नक्षीच्या खोलगट भागात तर पॉलिशच्या खाली दबलेले डाग होते. म्हणजे पॉलिश मारायच्या आधीपासून ढेकूण तिथं होते. पॉलिशवाल्याला ते दिसले नसतील यावर माझा विश्वास नाही.

आता हिशेब बघा. मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते. खोलीत 27-28 अंश असेल तर अंडं आठवडाभरात फुटतं. 22 ला नऊ-दहा दिवस. 18 च्या आसपास तीन आठवडे. डिसेंबरात नागपुरात रात्री पारा 10-12 वर येतो, जाड भिंतींच्या माडीवर आत अठरा-वीस धरा. अंड्यापासून पुरा ढेकूण व्हायला चांगल्या उबेतही पाच-सहा आठवडे, आणि प्रत्येक कातीआधी एकदा रक्त प्यायला मिळालंच पाहिजे. त्या पोरीच्या बॅगेतून भरलेली मादी आली असं घटकाभर धरलं, तरी तीन रात्रींत फार तर पंधरा अंडी झाली असती आणि त्यातलं एकही फुटलं नसतं.

मग बोंब तिनंच का मारली? सात आणि आठ नंबरला महिन्याच्या भाड्यानं राहणारे स्पर्धा परीक्षेचे दोघं होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आम्हाला तर काहीच नाही चावत." त्यांच्या चादरी उलटून दाखवल्या, रक्ताचे बारीक डाग जागोजाग. ढेकूण चावल्यावर बऱ्याच लोकांच्या अंगावर काहीच उठत नाही. ज्यांच्या उठतं त्यांच्यातही पहिल्यांदा चावलं तर कित्येक दिवस जातात. पोरीच्या अंगावर लगेच उठत होतं, ते बहुधा पूर्वी कुठंतरी चावले होते म्हणून. ज्याला चावतात तो ओरडत नाही, ज्याच्या अंगावर उठतं तो ओरडतो. होस्टेल चालवणाऱ्या दहा जणांना हे सांगितलं तर नऊ जण मान हलवतात आणि पुढच्या वेळी पुन्हा ओरडणाऱ्यालाच बाहेर काढतात.

काम असं केलं. चादरी, उशांचे अभ्रे, पडदे खोलीतच पिशवीत भरून तोंड बांधलं, मग लाँड्रीत 60 अंशांवर. मोकळे कपडे काखेत मारून जिना उतरणारा पोरगा ढेकूण अख्ख्या वाड्यात पेरतो. व्हॅक्युमच्या पाइपला आतून जुना पायमोजा लावून पोकळी, प्लाय आणि गाद्यांच्या शिवणी ओढून घेतल्या, मोजा बांधून पिशवीत. त्यानंतर वाफ. तोंडाला रुंद नोझल आणि त्यावर कापड गुंडाळायचं. बारीक नोझलच्या झोतानं ढेकूण मरायच्या आधीच दूर फेकला जातो. हात सेकंदाला इंचभर, त्याहून जलद नाही. घाई केली तर वरचे मरतात, फटीतली अंडी तशीच. 45 अंशांवर मोठा ढेकूण दीड तासात मरतो, पण अंड्याला सात तास लागतात. 48 वर तास-सव्वातास. 55 च्या वर मात्र दोघंही लगेच. मे महिन्यात गाद्या गच्चीवर टाकल्या की झालं, असं नागपूरकर म्हणतात. ऊन लागलेल्या बाजूचे मरतात, बाकीचे खालच्या सावलीत सरकतात. वाफेनं चौकटीचं पॉलिश पांढरं पडलं. ते पडणार हे मालकाला आधी सांगून सही घेतली होती.

बोर्ड आणि केसिंग पट्टीत एमसीबी पाडून, म्हणजे वीज बंद करून, ढेकूण मारणारी सिलिकाची भुकटी, तीही फुंकरेएवढीच; ढीग केला तर ढेकूण वळसा घालून जातो. भिंतीतल्या खुंट्यांच्या भोकांतही तीच. औषध फक्त भेगांत, आणि पाण्यात मिसळायची पावडर. चुन्याची भिंत पातळ औषध पिऊन टाकते आणि चुन्याच्या खारानं ते लवकर मरतं, म्हणून पावडरचा थर वर राहिलेला बरा. पाइपची तोंडं एम-सीलनं बंद. खाली शिंप्याच्या दुकानात कडीपाटाच्या फटी तपासल्या. दोन ठिकाणी सापडले, तिथंही वाफ दिली. खोली रिकामी ठेवा असं मी कधी सांगत नाही. माणूस हलला की ढेकूण त्याच्यामागं शेजारच्या खोलीत जातात. दुसरी फेरी साधारण वीस दिवसांनी लावली. ठरावीक पंधरा दिवस उन्हाळ्यात ठीक. या थंडीत तेवढ्यात अंडी फुटलेलीच नसतात.

संध्याकाळी मालकानं लेटरहेड मागितलं. "तिनं आणले एवढं लिहा. बुकिंगवाल्यांकडं तिनं तक्रार टाकली आहे, मला उत्तर द्यावं लागते." मी लिहिलं ते असं: वस्ती दोन खोल्यांमधल्या बंद दाराच्या पोकळीत, सर्व अवस्था आणि जुन्या कातींचे थर आढळले, वस्ती किमान काही महिन्यांची, चौकटीवरचे डाग पॉलिशच्या आधीचे. फोटो जोडले. वाचून तो म्हणाला, "एवढं कशाला लिहिता बाप्पा, मी पैसे देऊन राहिलो ना?"

पैसे त्यानं दिले, हातचं राखून. पोरगी तोवर निघून गेली होती. केअरटेकर म्हणतो डिपॉझिट गुगल पेनं परत गेलं, मालक म्हणतो अजून हिशेब व्हायचा आहे. रिपोर्टची प्रत तिला पोचली का हे मला कळलं नाही. मी ती परस्पर द्यावी का, यावर आमच्या धंद्यातल्या लोकांत एकमत नाही. पैसे मालकाचे म्हणून रिपोर्ट मालकाचा, असं बहुतेक म्हणतात. मला ते पटत नाही, पण उद्या प्रत्येक गिऱ्हाईक रिपोर्ट मागायला लागलं तर होस्टेलवाले आम्हाला बोलवणंच सोडून देतील आणि गोळ्या ठेवतील, हेही खरं.

दुसऱ्या फेरीला जिवंत दोन सापडले, दोन्ही आठ नंबरच्या पाइपमध्ये, जिथलं एम-सील कोणीतरी मोबाइलचा हूक अडकवायला उकरलं होतं. चौकट पुन्हा पॉलिश होऊन जागेवर आली होती. मी सांगितलं होतं की पोकळी विटांनी भरा, नाही तर प्लाय बिजागरीवर ठेवा म्हणजे उघडून बघता येईल. प्लाय पहिल्यासारखाच स्क्रूनं ठोकलेला होता, वरून फेव्हिकॉल.

आता मालकाला "ढेकूणमुक्त" असं सर्टिफिकेट हवंय, रिसेप्शनवर लावायला. मी देतो ते एवढंच: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, उघडता आलेल्या भागांत जिवंत ढेकूण आढळला नाही. "उघडता आलेल्या" हे दोन शब्द काढा म्हणून त्याचा दोनदा फोन आला. फेव्हिकॉल काढा, शब्द मी काढतो, असं सांगितलंय.