फादर आणि बाबा

"म्हणजे आधी फादर होते, मग बाबा झाले?" लेकीने एकदम विचारलं. बाल्टिमोरच्या सेंट पीटर्स दफनभूमीत आज एकेकाळी कॅथलिक धर्मगुरू असलेल्या फिलिप बेरिगन यांच्या थडग्यापाशी उभ्या होतो.

मी १९६८ सांगत होते. व्हिएतनाम युद्धाविरोधात बाल्टिमोरजवळच्या कॅटन्सव्हिलला बेरिगन धरून नऊ जणांनी सैन्यभरतीच्या ३७८ फायली घरी बनवलेल्या नापामने, म्हणजे पेट्रोलच्या चिकट आगलाव्या मिश्रणाने, जाळल्या. पळाले नाहीत, प्रार्थना म्हणत पोलिसांची वाट पाहत थांबले. पुढे नन असलेल्या एलिझाबेथ मॅकअलिस्टरशी लग्न, तीन मुलं. घरं रंगवून पोट भरायचं. मध्येमध्ये तुरुंग, एकूण अकरा वर्षं!

पोरीला नापामचं काही नाही.

"आईपण जेलमध्ये जायची? मग डबा कोण करायचं?"

म्हटलं, जोना हाऊस या त्यांच्या सामूहिक घरात सोबत राहणारी माणसं होती ना.

"पण रात्री?"

गाडीपर्यंत दोघी गप्प.