तापमान साधले, पण दमटपणा राहिला

आषाढात रत्नागिरीला मिठाला पाणी सुटते, पापड सादळतात आणि काडेपेटीतील काडी पेटता पेटत नाही. हे सारे लहानपणापासून पाहूनही हरित इमारतींचे आराखडे करताना मी बराच काळ केवळ तापमानाकडेच लक्ष देत आलो.

दोन वर्षांपूर्वी जांभ्या दगडाच्या एका छोट्या कार्यालयासाठी मी वातानुकूलन ठरवले आणि कमी पडू नये म्हणून यंत्र गरजेपेक्षा मोठे घेतले. जुलैत तेथे गेलो तेव्हा तापमापकावर २३ अंश होते, पण आर्द्रतामापकावर ७८ टक्के. कपाटातील फायलींच्या कापडी पाठींवर हिरवट बुरशी धरली होती आणि खोलीत कुबट वास भरला होता. मोठे यंत्र खोली झटपट थंड करते आणि त्याचा कॉम्प्रेसर थांबतो, त्यामुळे थंड कॉइलवर बाष्पाचे पाणी होऊन ते निथळून जाण्यास पुरेसा वेळच मिळत नाही.

अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या ५५ क्रमांकाच्या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत, आलेख-पद्धतीत एक किलो कोरड्या हवेमागे १२ ग्रॅम बाष्प ही वरची मर्यादा धरली होती. २४ अंशांना ती सुमारे ६४ टक्के सापेक्ष आर्द्रता होते. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के असताना हवेत सुमारे २० ग्रॅम बाष्प असते, म्हणजे बंद खोलीत ठरावीक प्रमाणात बाहेरची ताजी हवा घेण्याची अट पाळायची तर आत येणाऱ्या प्रत्येक किलोमागे ८ ग्रॅम पाणी काढणे आले.

२०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतींसाठी सुखद तापमान बाहेरच्या सरासरीशी जोडले आहे. बाहेरची सरासरी २७ अंश असेल, तर ते साधारण २७.४ अंश येते, आणि पडवीत पंख्याखाली बसणाऱ्या कोकणी माणसाला ते सहज पटेल. मात्र पंख्याच्या वाऱ्याने घाम वाळला, तरी कपाटातील कागद दमटच राहतो.

अखेर आम्ही तेथे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करत चालू राहणारे लहान इन्व्हर्टर यंत्र बसवले आणि ताज्या हवेच्या वाटेवर हवेतले बाष्प काढणारा वेगळा डीह्युमिडिफायर लावला. आता खोलीत २६ अंश आणि ५५ टक्के असतात. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात मात्र अजून ७० टक्के दिसतात, कारण जांभा पावसाचे पाणी शोषून घेतो. येत्या मिरगाआधी ते कपाट चार बोटे पुढे ओढून भिंतीला बाहेरून चुन्याचा गिलावा करून घ्यायचा आहे.