नानांचं बोर्डो आणि माझा फॉर्म

आमच्या घरात बोर्डो म्हणजे वाईन नव्हे. बोर्डो म्हणजे द्राक्षवेलींवर बुरशीविरुद्ध फवारायचं निळं पाणी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. निफाड तालुक्यात द्राक्षबागायतदाराच्या घरी वाढलेल्या पोरांना हे पाढ्यासारखं येतं. त्यामुळे मी नोकरीसाठी फ्रान्समध्ये तुलूझला आले आणि २०२३ च्या उन्हाळ्यात आई-नाना महिनाभर राहायला यायचं ठरलं, तेव्हा नानांची मागणी एकच होती. "तो टॉवर नाही दाखवला तरी चालेल. बोर्डो जिथून आलं ते गाव दाखव. आणि एखाद्या शेतकऱ्याच्या बागेत ने, नुसतं रस्त्यावरून नको."

व्हिसा, विमा, तिकिटं सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते 'बागेत ने' इथे.

बोर्डो शहराच्या भोवती द्राक्षमळे हजारोंनी आहेत आणि बहुतेकांच्या नावात 'शातो' आहे. शातो म्हणजे राजवाडा, पण बाटलीवर तो शब्द लावायला राजवाडा असावा लागत नाही, द्राक्षं त्या मळ्याची असावी लागतात. मागे पत्र्याची शेड आणि पुढे एक खोली, असेही शातो मी पाहिलेत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी थेट वरच्या फळीवर गेले, बोर्डोजवळच्या मेदोक भागातल्या एका नावाजलेल्या शातोकडे. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून दलालांनी इथल्या मळ्यांची बाजारभावानुसार पाच वर्गांत यादी केली. ती यादी अजून चालते. इतक्या वर्षांत खालच्या वर्गातून वर चढलेला मळा एकच, मुतोन-रॉथशिल्ड, १९७३ मध्ये. मी ज्यांच्या नादी लागले तेही त्या यादीतलेच.

त्यांचा तो ऑनलाइन फॉर्म. अजून आठवला तरी डोकं फिरतं.

पहिलाच प्रश्न, आपण कोण? खाली यादी: आयातदार, वितरक, रेस्तराँ, सोमेलिए (म्हणजे वाईन सुचवणारा जाणकार), पत्रकार, खासगी व्यक्ती. शेतकरी नाही. द्राक्षाच्या मळ्याच्या फॉर्ममध्ये द्राक्ष पिकवणारा माणूस नाही! 'खासगी व्यक्ती' निवडलं तर कॅलेंडर उघडलं आणि त्यात सप्टेंबरपर्यंतच्या सगळ्या तारखा करड्या. म्हणून मागे जाऊन 'वितरक' निवडलं, तर कंपनीचा नोंदणी क्रमांक मागितला. पुन्हा खासगी. पुढचा प्रश्न, चव कुठली घेणार? तीन प्रकार, तीन दर. 'नको' हा चौथा प्रकार नाही, आणि काहीतरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. आई-नाना दोघंही माळकरी. नानांनी तीस वर्षं द्राक्षं पिकवली, वाईनचा थेंब जिभेला लावलेला नाही. शेवटी शेराच्या चौकटीत लिहिलं की वडील भारतातले द्राक्ष उत्पादक आहेत, त्यांना वेली बघायच्यात, वाईन प्यायची नाही, पैसे पूर्ण घ्या. चौकटीत २५० अक्षरंच मावत होती, त्यामुळे 'पैसे पूर्ण घ्या' कापलं गेलं.

हे मेच्या मध्यावर. लगेच आपोआप उत्तर आलं: विनंती मिळाली, क्रमांक अमुक. दहा दिवसांनी दुसरं: कृपया आपला व्यवसाय कळवा. मी कळवला. त्यावर पुन्हा आपोआप उत्तर, विनंती मिळाली, क्रमांक नवा. फोन केला तर स्वागतकक्षातल्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं की भेटीसाठी फॉर्म भरावा लागतो. भरलाय म्हटलं. क्रमांक विचारला. दोन सांगितले. कुठला खरा ते त्यांनाही कळेना, म्हणाल्या तिसरा भरा.

मी भरला. रागाने भरला, पण भरला. कुठलाही फॉर्म तिसऱ्यांदा भरू नका. त्या आठवड्यात मला आपल्याकडच्या तलाठी कार्यालयाची आठवण येऊन चक्क बरं वाटलं. तिथे निदान माणूस समोर असतो, त्याच्या टेबलापाशी उभं तरी राहता येतं.

त्यांना खासगी माणसाचं कौतुक का नसतं, हे पुढे ऑफिसातल्या एका बोर्डोवाल्याने समजावलं. ही मोठी घरं ग्राहकाला माल विकतच नाहीत. मधे दलाल, त्यांच्यापुढे व्यापारी. कापणीनंतरच्या वसंतात, वाईन अजून पिंपात असतानाच सौदे होतात आणि बाटली हातात पडते ती दीड-दोन वर्षांनी. थोडक्यात, बागेत माल असतानाच व्यापाऱ्याने येऊन भाव ठरवावा तसं. फरक एवढाच की इथला व्यापारी पैसे बुडवून रातोरात पळत नाही. मग माझ्यासारखीने एक बाटली घेतली काय आणि नाही घेतली काय.

तोवर जून निम्मा झाला होता. मग मी छोट्यांकडे वळले. जिरोंद खाडीच्या उजव्या तीरावर, ब्लायच्या बाजूला, चौदा मेल पाठवले, शब्दकोश घेऊन नीट फ्रेंचमध्ये. उत्तरं शून्य. नकारसुद्धा नाही! आई-नाना यायला आठ दिवस राहिलेले आणि माझ्या हातात काही नाही. फ्रेंच माणूस शिष्ट असतो इथपर्यंत माझं मत जाऊन पोचलं होतं, ते मी घरच्या ग्रुपवर लिहूनही टाकलं.

(एक आठवलं म्हणून इथेच सांगते, नाहीतर राहील. फोन करायचा तर बारा ते दोन अजिबात नको, ती जेवणाची वेळ. आणि चव घ्यायला जाणार असाल तर अंगावर अत्तर-परफ्यूम मारून जाऊ नका, वास मिसळतो आणि बाकीचे पाहुणे डोळे वटारतात.)

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तुलूझहून बोर्डोच्या गाडीत बसलो, भेटीची वेळ न ठरवताच. लांगों आलं तशा दोन्ही बाजूंना बागा सुरू झाल्या. नाना खिडकीला नाक लावून. पाच-दहा मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आज सगळ्यांनी एकदमच फवारणी का काढली गं?" मी बघितलं. खरंच, जिकडे बघावं तिकडे ट्रॅक्टर आणि मागे धुकं. "पाऊस किती दिवस चाललाय इथे?" जूनभर, म्हटलं, गरम हवा आणि वादळी सरी. "मग यांच्यात डावणी घुसलीय. आणि तू यांना मेल करत होतीस?" (डावणी म्हणजे ओल्या हवेत फोफावणारा द्राक्षाचा बुरशीरोग.) आई हसायला लागली. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत डावणी असताना दारात पाहुणा आला तर नाना मागच्या दाराने पंपावर निघून जातात, हे आम्हा दोघींना चांगलं माहीत आहे.

ते वर्ष बोर्डोसाठी खरोखरच डावणीचं होतं, मेर्लो या वाईनच्या द्राक्षाला तर फारच बसलं. ते आम्हाला नंतर कळलं. नानांना रेल्वेच्या खिडकीतून कळलं.

दुसऱ्या दिवशी बसने ब्लायला गेलो. तिथे व्होबाँ या सतराव्या शतकातल्या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने बांधलेला किल्ला आहे आणि गावात 'मेझों द्यु व्हँ' आहे, म्हणजे त्या भागातल्या वाईन उत्पादकांचं सामाईक दुकान-कम-चौकशी केंद्र. मी काउंटरवरच्या मुलीला फॉर्म वगैरे काही न सांगता एवढंच म्हटलं: माझे वडील भारतात द्राक्षं करतात, त्यांना 'मिल्दिऊ' (म्हणजे डावणी) बघायचाय. ती आधी हसली, मग फोन उचलला. दहा मिनिटांत काम झालं. सात आठवडे फॉर्म आणि मेल, आणि इथे दहा मिनिटं! म्हणून पहिला सल्ला हाच खरं तर: गावच्या मेझोंमध्ये जा, माणसाशी बोला. दुसरा, पाठीवर पिंप घेतलेल्या माणसाचं चिन्ह बाटलीवर शोधा. ते स्वतंत्र शेतकऱ्यांच्या संघटनेचं आहे. तो माणूस स्वतः पिकवतो, स्वतः बनवतो, स्वतः विकतो, त्यामुळे त्याला तुमच्याशी बोलायचं कारण असतं.

शेतकरी नानांच्याच वयाचा, पंधरा हेक्टरवाला. पहाटेपासून फवारून आलेला, डोळे लाल. ज्या तुकड्यात फवारलं होतं तिथे नेता येणार नाही म्हणाला. औषधाप्रमाणे सहा, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास आत पाय ठेवायचा नाही असा नियम आहे. दुसऱ्या तुकड्यात नेलं. कमरेएवढ्या वेली, मांडव नाही, ठिबक नाही, पाणी फक्त आभाळाचं. नाना वाकले, एक पान उलटं केलं. शेतकऱ्यानेही त्याच क्षणी शेजारचं पान उलटं केलं. दोन्हींखाली पांढरी बुरशी. मग दोघांना माझी फारशी गरज उरली नाही.

त्याची ती बारावी फवारणी होती. तो सेंद्रिय शेती करणारा, म्हणून त्याची सगळी मदार बोर्डोतल्या मोरचुदाच्या तांब्यावर, आणि ते मोजूनच मारता येतं: युरोपच्या नियमाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४. पाऊस आला की धुऊन जातं, पुन्हा मारावं लागतं, आणि हिशेब संपत जातो. "बोर्डोतच बोर्डोचं रेशन?" नाना म्हणाले. मी भाषांतर केलं. तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

मग त्याने गोष्ट सांगितली. मेदोकात, सँ-ज्युलिआँच्या बाजूला, रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं लोक चोरून खायचे. म्हणून मळेवाले कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडून त्या विषारी दिसतील अशा करायचे. १८८२ मध्ये बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे तिथून जात असता त्यांना दिसलं की डावणीने बाकी बाग झडली, कडेच्या ओळींची पानं तेवढी शाबूत. १८८५ मध्ये त्यांनी मिश्रणाचा शोध जाहीर केला. डावणी स्वतः अमेरिकेतून आलेली, तेव्हा इथे जेमतेम चार-पाच वर्षांची. "म्हणजे चोरांनी शोधलं," नानांचा निष्कर्ष.

उत्पादनावरून मात्र त्यांचं जमलं नाही. इथे साधारण एकरी अडीच-तीन टन, आणि ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त काढलं तर तो माल त्या नावाने विकता येत नाही. नानांची थॉमसन जातीची द्राक्षं एकरी दहा टनांच्या खाली गेली तर घरात कुणी नीट जेवत नाही. खायचं द्राक्ष वेगळं, वाईनचं वेगळं, हे मी दोनदा सांगितलं. "कळतंय मला," म्हणाले, पण बोटांवर हिशेब चालूच.

शेजारचा एक तुकडा ओसाड होता. वाईन खपत नाही म्हणून त्या वर्षी बोर्डोत वेली उपटायला हेक्टरी ६,००० युरो द्यायची योजना आली होती. शेजाऱ्याला तीच हवी होती. नाना बराच वेळ तिकडे बघत राहिले. आपल्याकडे बागेवर कुऱ्हाड चालवायची तर जेसीबीचं भाडंसुद्धा आपणच भरायचं.

चव घेण्याचा प्रश्न त्या घरात आलाच नाही. शेतकऱ्याच्या बायकोने न विचारता लाल द्राक्षरसाची बाटली आणून ठेवली. माझ्यासाठी वाईन ओतली, मी प्यायले, नाना किल्ल्याकडे बघत राहिले. पैसे घेतले नाहीत. अशा ठिकाणी निघताना दोन-तीन बाटल्या विकत घ्याव्यात, तेवढी रीत पाळा. पण भारतात नेणार असाल तर माणशी दोन लिटरचीच मोकळीक आहे: पाऊण लिटरच्या दोन बसतात, तिसरीला भारी शुल्क. माझ्या भावाने चार सांगितल्या होत्या. आई म्हणाली, तुळशीच्या माळेशेजारी बाटली घेऊन मी विमानात बसणार नाही. विषय संपला.

लावायला वेलीची काडी मात्र नानांनी मागितली नाही, मी सुचवूनही. परवान्याशिवाय झाडाची काडी सीमा ओलांडत नाही हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

फेरीने खाडी ओलांडून पलीकडे लामार्कलाही गेलो. सँ-ज्युलिआँ तिथून थोडं वर, पण टॅक्सी मिळाली नाही. "राहू दे," नाना म्हणाले, "पान बघितलं." परतताना बोर्डोत बागकामाच्या दुकानात निळ्या डब्यावर 'बुई बोर्दलेझ', म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण, लिहिलेलं दिसलं, किलोचा डबा, घरच्या टोमॅटोसाठी. त्याचा फोटो अजून त्यांच्या डीपीवर आहे.

सप्टेंबरात, आई-नाना परत जाऊन महिना उलटल्यावर, त्या मोठ्या शातोचं उत्तर आलं. तिसऱ्या क्रमांकावर. विलंबाबद्दल दिलगिरी, आणि पुढची कार्यवाही करण्यासाठी कृपया आपला व्यवसाय कळवावा.