दोन ऑक्स आणि तीन हेडफोन

क्लिक, म्हणजे हेडफोनमधून वाजणारा तालाचा ठोका, कुणाला हवा आणि कुणाला नको, यावरून त्या दिवशी रेकॉर्डिंग अडलं. गिटारवाल्याला क्लिक ठणठणीत हवा होता. कीबोर्डवाल्याला क्लिक चालत होता, पण गिटार कमी हवी होती. गायिकेला क्लिक अजिबात नको होता. शिवाय तो तिच्या हेडफोनमधून झिरपून माइकमध्ये शिरायचा आणि शांत ओळींत टिकटिक साफ ऐकू यायची. वेगवेगळं रेकॉर्ड करावं तर नजरेच्या इशाऱ्यावर घ्यायच्या जागा गाण्यात बऱ्याच होत्या.

माझ्या मिक्सरवर ऑक्स, म्हणजे वेगळा मिक्स बाहेर काढायच्या वाटा, दोनच. पहिला प्री-फेडर, म्हणजे चॅनलचा आवाज ठरवणाऱ्या सरकपट्टीच्या (फेडरच्या) आधी निघणारा, तो मॉनिटरसाठी, म्हणजे वाजवणाऱ्यांना ऐकवायला. दुसरा पोस्ट-फेडर, म्हणजे फेडरनंतर निघणारा, तो रिव्हर्बने (घुमणूक देणाऱ्या इफेक्टने) अडवलेला. म्हणजे तिघांत मिक्स एकच, आणि तोही स्प्लिटरने वाटलेला. 32 ओहमचे तीन हेडफोन समांतर जोडले की ॲम्पवरचा भार 11 ओहमच्याही खाली जातो, मग आवाज चिरकतो.

संगणकातून फिरवून ऐकवणं मला नको होतं. 48 किलोहर्ट्झला 256 सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे जाताना 5.3 मिलिसेकंद उशीर, येताना तेवढाच, वर आवाजाचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरचा वेगळा. वादक हे खपवून घेतात. गाणाऱ्याला मात्र स्वतःचा आवाज हाडांतून आधीच पोचलेला असतो. मागून आलेला आवाज त्यात मिसळला की पाइपात तोंड घालून गातोय असं वाटतं.

रिव्हर्बचं गणित उलटं. नुसता ओला आवाज, म्हणजे मूळ आवाजाशिवायची घुमणूक, परत आणायचा असेल, तर उशीर हा आयताच प्री-डिले, म्हणजे मूळ आवाज आणि घुमणूक यांतलं अंतर! म्हणून रिव्हर्ब संगणकात हलवला, मिक्सरच्या दोन रिकाम्या चॅनलवर परत घेतला आणि दुसरा ऑक्स मोकळा झाला.

तो कीबोर्डवाल्याला दिला, पहिला गिटारवाल्याला. दुसरा पोस्ट-फेडर असल्यामुळे फेडर हलला की त्याचा मिक्सही हलणार. पण रेकॉर्डिंग डायरेक्ट आउटमधून (प्रत्येक चॅनलच्या स्वतंत्र आउटपुटमधून) होत होतं आणि माझ्या मिक्सरवर ते फेडरच्या आधी निघतं. फेडर एकदा लावून त्यांवर चिकटपट्टी मारली. दोन्ही ऑक्स चार हेडफोनांच्या वेगळ्या ॲम्पला जोडले, कारण ऑक्सच्या लाइन लेव्हलवर हेडफोन नीट वाजत नाहीत. पहिल्यांदा एकाच कानात आवाज आला: मोनो ऑक्स, स्टीरिओ इनपुट. वाय-केबलने ते मिटलं.

गायिकेसाठी कपाटातला चार चॅनलचा छोटा मिक्सर काढला. मोठ्याचा मेन आउट त्यात नेला. क्लिक आणि गायिकेच्या चॅनलची मेनला जोडणारी बटणं उचलून ठेवली, म्हणजे मेनमध्ये फक्त गिटार, कीबोर्ड आणि रिव्हर्ब. ऑक्स त्या बटणांच्या आधीच निघत असल्याने बाकी दोघांचं काही बिघडलं नाही. तिचा आवाज इन्सर्टमधून, म्हणजे चॅनलचा सिग्नल बाहेर नेऊन परत आणणाऱ्या सॉकेटमधून, घेतला. अर्धवट खोचलेली पिन धक्क्याने निसटते, म्हणून टिप (टोक) आणि रिंग (त्यामागचं कडं) एकमेकांना जोडलेली स्टीरिओ पिन वापरली. बाहेर जाणारा सिग्नल (सेंड) मिळतो आणि चॅनलही तुटत नाही.

छोटा मिक्सर तिच्या स्टँडशेजारी ठेवून दोन नॉब दाखवले, एक तिचा, एक वाद्यांचा. एक कान उघडा ठेवून गाणारी ती दोन्ही कान झाकून गायली. वाद्यांचा नॉब तिने माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी खाली नेला. मी इंटरफेसवरून, म्हणजे संगणकात आवाज नेणाऱ्या खोक्यावरून, ऐकत होतो. टिकटिक गेली होती. टेक झाल्यावर गिटारवाला ॲम्पकडे आला आणि म्हणाला, "तसला डबा मला पण दे ना."