एकशे पाच नव्हे, एकशे आठ

"सर, सॅम्पल साइझ तेवढा काढून द्या, उद्या सिनॉप्सिस जमा करायचाय." वैद्यकीय महाविद्यालयात आकडेवारीचं काम करणाऱ्याच्या टेबलापाशी दरवर्षी हेच वाक्य येतं, आणि येतं तेही आदल्या दिवशी संध्याकाळी. सॅम्पल साइझ, म्हणजे चाचणीत किती जण घ्यायचे तो आकडा, हा फॉर्मवरची एक रिकामी चौकट, ती भरली की सुटलो, असा समज. मराठवाड्यातल्या गरोदर बायकांच्या ॲनिमियावरची एक चाचणी सिनॉप्सिसपासून, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यापासून, पेपरपर्यंत नेताना काय काय करावं लागलं, ते लिहितो. पुढचे हिशेबाचे आकडे रीत समजावी म्हणून घेतले आहेत, निकाल म्हणून वाचू नयेत.

तुलना साधी, शिरेतून द्यायच्या लोहाच्या दोन इंजेक्शनांची. एका गटाला फेरिक कार्बोक्सिमाल्टोज १००० मिलिग्रॅम, पंधरा मिनिटांत एकदाच. दुसऱ्या गटाला आयर्न सुक्रोज २०० मिलिग्रॅमचे पाच डोस, एक दिवसाआड. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन. इथेच पहिली ठेच लागते. कार्बोक्सिमाल्टोजचा एका वेळचा डोस वजनावर बांधलेला असतो. ५० किलोच्या खालच्या बाईला एका दमात १००० देता येत नाही, आणि आपल्या ओपीडीत ४२-४५ किलोच्या बायका काही कमी नसतात. त्यांना उरलेला डोस कधी द्यायचा, हे प्रोटोकॉलमध्ये आधी लिहिलं नाही तर प्रत्येक रेसिडेंट आपापल्या मनाने देतो.

आता सॅम्पल साइझ. दोन सरासरींच्या तुलनेत प्रत्येक गटात लागणारी संख्या अशी काढतात: १.९६ आणि ०.८४ यांची बेरीज, तिचा वर्ग, म्हणजे ७.८४, ७.८५ धरा. त्याला दोनने गुणा, स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) वर्गाने गुणा, आणि जो फरक पकडायचा आहे त्याच्या वर्गाने भागा. १.९६ म्हणजे पाच टक्के चुकीची मुभा, ०.८४ म्हणजे ८० टक्के पॉवर, खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता. डेव्हिएशन १.२ ग्रॅम आणि फरक ०.५ ग्रॅम धरला तर उत्तर ९०.४, म्हणजे ९१ बायका. पॉवर ९० टक्के हवी असेल तर १२२. फरक १ ग्रॅमचा धरला तर नुसत्या २३. म्हणूनच गाइडना आणि रेसिडेंटना अचानक एक ग्रॅमचा फरक "क्लिनिकली महत्त्वाचा" वाटू लागतो. किती फरक पडला तर तुम्ही महागडं औषध लिहाल, एवढंच मी विचारतो. हा प्रश्न वॉर्डात विचारायचा, कॅल्क्युलेटरला नाही.

डेव्हिएशन जुन्या पेपरमधून घेतात, आणि घोळ तिथेच होतो. कितीतरी पेपरांत सरासरीपुढे अधिक-उणे लिहून जो आकडा दिलेला असतो तो डेव्हिएशन नसतो, स्टँडर्ड एरर असतो, म्हणजे सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते ते. ६४ जणींच्या गटात डेव्हिएशन १.२ असेल तर एरर ०.१५ येतो, कारण ६४ च्या वर्गमुळाने, आठाने, भागलेलं असतं. तो ०.१५ सूत्रात घातला की उत्तर येतं प्रत्येक गटात २ बायका. दोन आले तर चूक लगेच दिसते. पण गट लहान आणि धरलेला फरकही कमी असेल तर उत्तर अठरा-वीस येतं, बघायला बरं दिसतं, आणि सिनॉप्सिस पास होतो.

मग गळती. पंधरा टक्के बायका परत येणार नाहीत असं धरलं, तर ९१ मध्ये पंधरा टक्के मिळवून १०५ करतात. पण १०५ मधून पंधरा टक्के गेल्या की उरतात ८९, आपल्याला हव्यात ९१. त्यामुळे मिळवायचं नाही, ०.८५ ने भागायचं. उत्तर १०७.०६, म्हणजे १०८. दोन गट मिळून २१६.

पंधरा टक्के आले कुठून? बहुतेक सिनॉप्सिसमध्ये मागच्या थिसिसमधून. बीड, धाराशिव, लातूरकडच्या ओपीडीत हा आकडा कॅलेंडर बघितल्याशिवाय लिहूच नये. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, त्यामुळे गरोदर असली तरी बाई जाते. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळा लागताना परत येते. सप्टेंबरच्या शेवटी घेतलेल्या बाईचा सहा आठवड्यांचा दिवस नोव्हेंबरात पडतो. तेव्हा आशाताईंना फोन केला की एकच उत्तर: "टोळी गेली हो सर परवाच." त्यात पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते ते वेगळंच.

ऊसतोडीच्या घरातल्या बायका वगळायच्या, असा सोपा सल्ला मिळतो. तो घेतला नाही. रक्त ज्यांच्या अंगात सगळ्यात कमी, त्यांनाच वगळून काढलेलं उत्तर इथे लागू कुणाला करायचं? त्याऐवजी नोंदणी मे ते ऑगस्ट ठेवली, आणि जमलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच चार महिने. सहा आठवड्यांच्या तपासणीला सात दिवस मागे-पुढे चालतील असं लिहिलं. आणि प्रत्येकीचे चार फोन नंबर: नवऱ्याचा, माहेरचा, आशाताईंचा आणि मुकादमाचा.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन करून घ्या, हा दुसरा सोपा सल्ला. पहिली तपासणी कॉलेजच्या सेल काउंटरवर आणि सहा आठवड्यांची डोळ्याने रंग जुळवायच्या साहलीच्या नळीवर, असं झालं की फरक औषधाचा की नळीचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. नमुना ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) बाटलीत घेऊन त्याच दिवशी कॉलेजला आणायचा, हे ठरलं. बाटलीवर नाव किंवा गट नाही, फक्त कोड. इंजेक्शन कोणतं हे बाईला आणि सिस्टरला कळतंच, एकदा यायचं की पाचदा यावरूनच कळतं. लॅबला मात्र कळू द्यायचं नाही.

संमतिपत्राचं भाषांतर हा स्वतंत्र वैताग. रँडमायझेशनला, म्हणजे कोण कोणत्या गटात हे योगायोगावर सोडण्याला, कुणीतरी "लॉटरी पद्धत" लिहिलं होतं. आपल्याकडे लॉटरी लागते. म्हणजे ज्या गटात गेलो ते बक्षीस. शेवटी लिहिलं: "तुम्हाला दोन्हींपैकी कोणतं इंजेक्शन मिळेल हे डॉक्टर ठरवत नाहीत, तुम्हीही ठरवत नाही, पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरतं." उर्दू प्रतही लागतेच, आणि तांड्यावरच्या बाईला गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, समजावणारं कुणीतरी लागतं. वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार सगळी माहिती देताना हजर हवा. सही करण्यापुरता बोलावलेला वॉर्डबॉय चालत नाही.

एथिक्स कमिटीची मंजुरी आली की सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही. नोंदणीला पैसे लागत नाहीत, पण १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. "दोन-चार पेशंट घेऊन बघतो, मग करतो" म्हणणाऱ्याची चाचणी तिथेच अडकते. फॉर्म शंका काढून परत येतो, बहुतेकदा एकाच कारणाने: मुख्य एंडपॉइंट (ज्यावरून निकाल ठरतो ते माप) नुसता "हिमोग्लोबिनमधील सुधारणा" असा लिहिलेला असतो. किती आठवड्यांनी, कोणत्या पद्धतीने मोजलेलं, हे हवं.

चिठ्ठ्यांची यादी मी संगणकावर काढली, चार आणि सहाच्या ब्लॉकची सरमिसळ करून. प्रत्येक ब्लॉकमध्ये दोन्ही गटांच्या चिठ्ठ्या निम्म्या-निम्म्या. सगळे ब्लॉक चारचेच ठेवले तर तीन पाकिटं उघडल्यावर चौथ्यात काय हे हुशार रेसिडेंट सांगतो, आणि मग अशक्त बाईला "उद्या या" म्हटलं जातं. पाकिटं खाकी, जाड, आत चिठ्ठीभोवती ॲल्युमिनियम फॉइल. साधं पांढरं पाकीट ट्यूबलाइटपुढे धरलं की वाचता येतं, करून बघा. उघडण्याआधी बाहेरून बाईचा क्रमांक आणि तारीख लिहायची. केसपेपरचा नंबर सम की विषम यावर गट ठरवणं म्हणजे रँडमायझेशन नव्हे. आजही कुणीतरी ते विचारतंच.

डेटा एंट्रीत आमची सगळ्यात मोठी चूक फॉर्मवरच्या अंकांची निघाली. काही सिस्टर देवनागरीत लिहायच्या, काही इंग्रजीत. देवनागरी १ हा एंट्री करणाऱ्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो. "१०.१" चा झाला ९०.९, तो सापडतो, कारण तेवढं हिमोग्लोबिन माणसात नसतं. पण "८.१" चा ८.९ झाला तर कुणाच्या बापाला कळत नाही. दोन जणांनी वेगवेगळी एंट्री करून जुळवल्यावरच ते सापडलं. नंतर फॉर्मवर चौकटी छापल्या आणि वर ठळक लिहिलं: अंक इंग्रजीतच.

दुसरं एक्सेलच्या तारखांचं. संगणकावर अमेरिकन पद्धत लावलेली असेल तर ५ एप्रिल टाकलं की गुपचूप ४ मे होतो. २५ एप्रिल मात्र होत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. ती नोंद तारीख न होता मजकूर म्हणून राहते आणि चौकटीत डावीकडे चिकटते. रकान्यातल्या काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, की उजवीकडच्यांवर विश्वास ठेवायचा नाही. सहा आठवड्यांचं अंतर उणे आलं तेव्हा कळलं. त्यापेक्षा एक्सेल सोडून रेडकॅप हे संशोधनाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर घ्यावं. कुणी, कधी, काय बदललं याचा मागही राहतो.

विश्लेषणाची योजना डेटा लॉक होण्याआधी लिहून सही करून ठेवली होती. सुक्रोजच्या गटातली बाई तीन डोस घेऊन थांबली, तरी ती त्याच गटात मोजायची. पाचही डोस घेतलेल्याच मोजल्या तर ज्यांचं घर जवळ, ज्यांना रोजगार बुडवणं परवडतं, त्यांच्याशी तुलना होते. गेलेल्या बायकांचं जुनंच हिमोग्लोबिन पुढे ओढून लिहायची पद्धतही टाळली. त्याचा अर्थ औषधाने शून्य काम केलं असा होतो, आणि पाच फेऱ्यांच्या गटात गळती जास्त असेल तर शून्यही तिथेच जास्त पडतात. मल्टिपल इम्प्युटेशन केलं, म्हणजे बाकीच्या माहितीवरून गहाळ आकडे अनेकदा अंदाजाने भरून बघितले, आणि गेलेल्या बायका आणखी वाईट अवस्थेत असतील तर उत्तर किती हलतं, तेही तपासलं. मुख्य तुलना सुरुवातीचं हिमोग्लोबिन धरून, अँकोव्हाने. आधीच्या आणि नंतरच्या मोजणीत ०.५ इतका सहसंबंध असेल तर व्हेरियन्स (डेव्हिएशनचा वर्ग) पाव हिश्शाने घटतो, फुकटात.

लिहिताना तक्ते आधी, मग पद्धत, मग निकाल. सारांश सगळ्यात शेवटी. आधी लिहिलेल्या सारांशातला आकडा तक्त्यात बदलतो आणि सारांशात तसाच राहतो. पहिल्या तक्त्यात दोन गटांच्या वयाची पी-व्हॅल्यू (एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता) देऊ नये. चिठ्ठीने पाडलेल्या गटांतला फरक योगायोगाचाच असतो, तो तपासायचा कशाला? यावर गाइडशी वाद होतो, मी हरतोही. "पी ०.०००" कधीच लिहायचं नाही, ०.००१ पेक्षा कमी असं लिहायचं. फरक ०.४ आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो) ०.०५ ते ०.७५ आला, तर "सिग्निफिकंट" म्हणून पुढे पळू नये, ठरवलेला ०.५ त्यात बसतो, पण जवळजवळ काहीच नसलेला ०.०५ ही बसतो, हे दोन्ही लिहावं. आणि फरक दिसला नाही म्हणजे औषधं सारखी, असंही नाही. त्यासाठी वेगळी चाचणी, वेगळा सॅम्पल साइझ लागतो.

चाचणीच्या पेपरात काय काय लिहायचं याची कॉन्सॉर्ट नावाची यादी असते, तिच्या २०२५ च्या आवृत्तीत ३० बाबी आहेत. आमचा वेळ गेला तो फ्लो डायग्रामवर. वर २१६, खाली बेरीज जमेना. "संपर्क तुटला" या एका चौकटीत सगळ्या कोंबल्या होत्या. फोनची वही काढून ती चौकट फोडली: माहेरी गेल्या, टोळीबरोबर गेल्या, चारही नंबर लागले नाहीत. तेव्हा सापडलं की एक बाई दोनदा मोजली होती. टोळीबरोबर गेलेली तीच, आणि फोन न लागलेलीही तीच.