तूट कोणाच्या नावे टाकायची?

पीएच.डी.च्या आराखड्याचे सादरीकरण संपल्यावर समितीने मला विचारलेला पहिला प्रश्न ‘प्रश्नावली कुठे आहे?’ असा होता, आणि ‘नमुना किती जणांचा?’ हा दुसरा. मी सांगलीतील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आमच्याकडे प्रबंध म्हणजे तालुका निवडायचा, तीनशे जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि उत्तरांतील संबंध तपासणारी काय-वर्ग ही सांख्यिकी चाचणी लावायची, असा सर्वसाधारण रिवाज असल्यामुळे समितीचे फारसे चुकले असेही मी म्हणणार नाही. माझा विषय वेगळा होता. खाद्यतेलावरील आयात शुल्क कमी केले आणि त्यातून येणारी महसुलाची तूट दुसऱ्या कराने भरून काढली, तर देशातील शेतकरी, मजूर, पगारदार आणि उद्योग यांपैकी कोणाचे काय होते, हे संगणकीय सर्वसाधारण समतोलाच्या प्रतिमानाने, म्हणजे अर्थव्यवस्थेतील सगळे बाजार समीकरणांनी एकत्र बांधून, तपासायचे होते. त्यात नमुना नव्हता. होती ती संपूर्ण देशाची एका वर्षाची खातेवही.

हे प्रतिमान कशासाठी लागते, ते समितीला समजावताना मी १९९१चे उदाहरण दिले होते. त्या वेळी केंद्राच्या एकूण करमहसुलात एक तृतीयांशाहून जास्त वाटा सीमाशुल्काचा होता आणि काही वस्तूंवरील शुल्क ३०० टक्क्यांच्याही वर होते. त्या वर्षीच्या जुलैमधील अर्थसंकल्पाने कमाल दर १५० टक्क्यांवर आणला. विकसनशील देशांत प्राप्तिकर भरणारे थोडे आणि बंदरावर कर गोळा करणे सोपे, म्हणून शुल्ककपात हा केवळ व्यापाराचा प्रश्न राहत नाही. तो लगेच तिजोरीचा प्रश्न होतो. एकट्या तेलाच्या बाजाराचा मागणी-पुरवठा काढून त्याचे उत्तर मिळत नाही, कारण स्वस्त तेलामुळे ग्राहकाच्या हातात उरलेला पैसा, घाण्यांना कमी पडलेला भाव, सोयाबीन सोडून दुसरीकडे वळलेली जमीन आणि वाढलेल्या आयातीसाठी लागणारे परकीय चलन हे सगळे एकाच वेळी हलत असते.

प्रतिमानाचा पाया म्हणजे सामाजिक लेखा सारणी. प्रत्येक खात्याला एक आडवी ओळ आणि एक उभा स्तंभ. ओळीत जमा, स्तंभात नावे, आणि दोन्हींची बेरीज सारखी. मार्केट यार्डात आमचे हळदीचे आडत दुकान आहे. शाळेच्या सुट्ट्यांत मी तिथल्या दिवाणजींच्या शेजारी बसून कीर्द आणि खतावणी पाहिलेली असल्यामुळे ही कल्पना मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. सारणी भरताना मात्र जीव मेटाकुटीला आला. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पुरवठा-उपयोग तक्त्यांत १४० वस्तू आणि ६६ उद्योग असतात. समीकरणे सोडवण्यासाठी मी वापरलेल्या गॅम्स या संगणक प्रणालीच्या विनामूल्य आवृत्तीत समीकरणांच्या संख्येवर मर्यादा असल्यामुळे मला ते सारे १४ क्षेत्रांत आणि ६ कुटुंबगटांत बसवायचे होते. त्यात मी आधारवर्ष निवडले २०१७-१८, आणि यापेक्षा अडचणीचे वर्ष शोधूनही सापडले नसते. त्या आर्थिक वर्षाचे पहिले तीन महिने उत्पादन शुल्क आणि व्हॅटचे, तर १ जुलै २०१७पासून पुढचे नऊ महिने जीएसटीचे. कच्च्या पामतेलावरील आयात शुल्क त्याच वर्षात तीनदा बदलले: ऑगस्टमध्ये ७.५वरून १५, नोव्हेंबरमध्ये ३० आणि मार्चमध्ये ४४ टक्के. तेव्हा ‘आधारवर्षाचा दर’ असा एक आकडा अस्तित्वातच नव्हता. प्रत्यक्ष जमा झालेल्या शुल्काला आयातीच्या मूल्याने भागून मिळणारा परिणामी दर घ्यावा लागला. कुटुंबांच्या खर्चाचेही तसेच. २०१७-१८च्या उपभोग खर्च सर्वेक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचा निर्णय सरकारने नोव्हेंबर २०१९मध्ये जाहीर केला, म्हणून २०११-१२च्या सर्वेक्षणातील प्रमाणे उचलून मी ती नव्या एकूण खर्चाला लावली. जुन्या मापाचा सदरा नव्या अंगावर चढवण्याचाच हा प्रकार होता, आणि प्रबंधात मी तसे स्पष्ट लिहिले.

इतक्या ठिकाणांहून आणलेले आकडे जुळत नाहीत, हे उघडच आहे. ते जुळवून देणाऱ्या गणिती पद्धती आहेत. ओळी आणि स्तंभ आळीपाळीने प्रमाणात आणणारी ‘रास’ ही त्यांतली जुनी, तर मूळ आकड्यांपासून कमीत कमी दूर जाऊन समतोल साधणारी क्रॉस-एन्ट्रॉपी ही नंतरची. मी दुसरी वापरली, सारणी दहा मिनिटांत जुळली, आणि पुढचे चार महिने मी चुकीच्या सारणीवर काम केले. झाले होते असे की, आयात मालावरील एकात्मिक जीएसटी मी सीमाशुल्काच्या आकड्यांबरोबर आयात कराच्या ओळीत घातला होता, आणि जीएसटीच्या ओळीत घेतलेल्या एकूण वसुलीत तोच पुन्हा आला होता. खाद्यतेलाच्या स्तंभाची बेरीज त्यामुळे फुगली होती. पण जुळवणीने तो फरक तेल, साबण, हॉटेल, वाहतूक अशा सगळ्या खात्यांत चिमूट-चिमूट वाटून टाकला, आणि कुठेही काही खटकेना. आमचे दिवाणजी न जुळणारी रक्कम उचंत खात्याला टाकायचे आणि तिचा पत्ता लागेपर्यंत त्या खात्यावर बोट ठेवून बसायचे. संगणकाने माझे उचंत सगळ्या गावाला वाटले होते. शुल्क थोडेसे उतरवल्यावर तेलाची किंमत नको तेवढी कोसळू लागली, तेव्हा मी प्रत्येक वस्तूवरचा परिणामी करदर सारणीतून उलटा काढून पाहिला, आणि चूक सापडली. तेव्हापासून मी आधी हाताने जुळवते आणि उरलेला बारीक फरकच काय तो यंत्राकडे देते.

त्यापुढील टप्पे तुलनेने सरळ होते. आधारवर्षातील सर्व किमती १ मानायच्या, म्हणजे सारणीतील रुपये हेच नग होतात, आणि त्यावरून समीकरणांतील वाटे ठरवायचे. मग काहीही न बदलता प्रतिमान चालवायचे. त्याने मूळ सारणी जशीच्या तशी परत दिली पाहिजे. नंतर मोजमापाची किंमत, म्हणजे बाकीच्या सगळ्या किमती जिच्या पटीत मोजतो ती, दुप्पट करायची. सगळ्या किमती दुप्पट व्हाव्यात, पण पोती आणि मजूर तेवढेच राहावेत. आयात आणि देशी माल एकमेकांची जागा किती सहज घेतात, हे सांगणाऱ्या आर्मिंग्टन लवचीकतेचे आकडे मात्र आपल्या सारणीतून निघत नाहीत, ते इतरांच्या अभ्यासांतून घ्यावे लागतात. पॉल आर्मिंग्टन यांनी १९६९मध्ये मांडलेल्या या कल्पनेवर व्यापाराची बहुतेक प्रतिमाने उभी आहेत, तरीही तिचा आकडा उसना, ही गोष्ट मला आजही बोचते. मी प्रत्येक निष्कर्ष निम्म्या आणि दुप्पट लवचीकतेने पुन्हा काढून पाहिला, आणि ज्यांची दिशा बदलली ते निष्कर्ष सोडून दिले.

माझा सर्वाधिक वेळ ज्यात गेला, ते समीकरण सोडवण्याचे काम नव्हतेच. प्रतिमानात अज्ञातांपेक्षा अटी जास्त होतात, म्हणून काय स्थिर धरायचे आणि काय हलू द्यायचे हे संशोधकाला स्वतः ठरवावे लागते. याला क्लोजर म्हणतात. ही अडचण अमर्त्य सेन यांनी १९६३मध्ये एका लेखात नेमकी दाखवली होती: पूर्ण रोजगार, स्वतंत्रपणे ठरलेली गुंतवणूक आणि उत्पादकतेइतकी मजुरी हे सारे एकदम धरता येत नाही, कशाला तरी सोडावे लागते. माझ्या बाबतीत प्रश्न असा होता, की तेलावरील शुल्क घटल्यावर सरकारच्या ओळीत जी जमा कमी होते, ती कोणाच्या नावे टाकायची? पहिल्या खेपेला मी सरकारी बचत हलती ठेवली. भूमिहीन मजूर कुटुंबांचा फायदा झाला, पगारदारांचा झाला, नुकसान झाले ते फक्त सोयाबीन उत्पादकांचे आणि घाण्यांचे. मी खूश झाले. मग लक्षात आले की सरकारची बचत घटल्याने गुंतवणूक घटली आहे, सिमेंट आणि बांधकाम खाली गेले आहे, आणि माझे प्रतिमान एकाच वर्षाचे असल्याने उद्या न बांधल्या गेलेल्या कालव्याची किंमत त्यात कोणीच मोजत नाही. फायदा दिसत होता, कारण खर्च चौकटीबाहेर गेला होता.

दुसऱ्या खेपेला तूट प्रत्यक्ष करांतून भरली. तेव्हा शहरी वरच्या गटाचा फायदा गेला आणि मजुरांचा थोडा घटला, कारण वरच्या गटाने सेवांवरचा खर्च आवरला. तिसऱ्या खेपेला ५ टक्के जीएसटीच्या टप्प्यातील वस्तूंवरचा दर तूट भरेपर्यंत वाढवला. साखर, चहा, खुद्द खाद्यतेल याच टप्प्यात असल्यामुळे मजूर कुटुंबांचा फायदा जवळजवळ पुसला गेला. शुल्ककपात तीच, सारणी तीच. फक्त सरकारच्या खात्याची एक ओळ बदलली होती. सोयाबीन उत्पादकाचे नुकसान मात्र तिन्ही वेळा कायम राहिले, म्हणून त्या निष्कर्षावर माझा सर्वांत जास्त विश्वास आहे.

घरी अण्णांना एवढ्या सगळ्यात एकाच गोष्टीत रस होता.

“हळदीचं काय होतंय त्यात?”

“हळद वेगळी नाही अण्णा, मिरची-जिऱ्याबरोबर मसाल्याच्या खात्यात आहे.”

“मिरचीचा आणि हळदीचा काय संबंध गं?”

संबंध नाही, हे खरेच. १४ क्षेत्रांच्या मर्यादेत मी तो लावला होता. मसाल्याचे खाते मात्र किंचित वर गेले होते, आणि त्याचे कारण अण्णांना सांगायला मला आवडले. परदेशातून येणारी बचत, म्हणजे आयात-निर्यातीतील फरक भरून काढणारा बाहेरचा पैसा, स्थिर धरली, तर वाढलेल्या तेलआयातीचे पैसे निर्यातीतूनच यावे लागतात. त्यासाठी रुपया थोडा उतरतो आणि निर्यात होणाऱ्या मालाला भाव मिळतो. अण्णा म्हणाले, “म्हणजे पामतेल उतरलं की राजापुरी हळद चढणार? मग सौद्यात कुणाला कळत कसं नाही?” परिणाम दशांशचिन्हानंतरचा आहे, तो एका दिवसाच्या आवकेतही बुडून जातो, हे मी सांगेपर्यंत ते फोनवर होते.

समितीच्या आग्रहाखातर मी शेवटी सोयाबीन उत्पादकांची एक छोटी प्रश्नावली परिशिष्टात जोडली. प्रतिमानात तिचा कोठेही उपयोग नाही. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती उघडलीही नाही. त्यांनी तिन्ही खेपांचा तक्ता समोर ठेवून यांपैकी कोणते उत्तर खरे, असे विचारले. ज्या कराने तूट भरली जाईल त्याचे, असे मी म्हणाले, आणि त्यांनी पुढचे पान उलटले.

आता तेच काम नव्या दरांनी पुन्हा करायला घेतले आहे. ३० मे २०२५ रोजी कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलांवरील मूळ सीमाशुल्क २०वरून १० टक्क्यांवर आले, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. यात एक नवी अडचण निघाली. मूळ सीमाशुल्क केंद्र आणि राज्यांत वाटल्या जाणाऱ्या महसुलात मोडते, तर तेलावरील ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर केवळ केंद्राचा, आणि कपात झाली ती पहिल्यात. माझ्या सारणीत सरकार हे एकच खाते आहे. त्याची केंद्र आणि राज्ये अशी फोड करून जमेच्या ओळी वेगळ्या पाडण्याचे काम सध्या चालू आहे, आणि या वेळी सगळे आधी हाताने जुळवते आहे.