आमची वाटचाल : सेलशिवाय चालणारा दंडावरचा पट्टा

जळगावच्या एमआयडीसीतलं आमचं युनिट मूळचं सेन्सर बोर्ड जोडणारं. आज आमचं मुख्य उत्पादन म्हणजे केळीच्या बागेत राबणाऱ्या मजुरांच्या कातडीचं तापमान मोबाईलवर पाठवणारा पट्टा. त्यात सेल नाही, तो अंगाच्या उष्णतेवर चालतो. सेल बदलायला पट्टा उघडावा लागतो आणि एकदा उघडलेल्या पट्ट्यात घाम शिरतोच, म्हणून हा मार्ग धरला.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातूनही शंभर वॉटच्या आसपास उष्णता बाहेर पडते. हा आकडा ऐकून गिऱ्हाइकाच्या अपेक्षा फार वाढतात. पण वीज मिळते ती थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूलच्या, म्हणजे उष्णतेतून वीज करणाऱ्या चपट्या तुकड्याच्या, दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावर. पहिल्या मॉडेलमध्ये बाजारात सहज मिळणारं 12706 कूलिंग मॉड्यूल होतं, थंड करण्यासाठी बनलेलं, पण उलटं वापरलं तर वीज देणारं. 40 बाय 40 मिमी, आत बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाच्या बारीक पायांच्या 127 जोड्या. एका जोडीला अंशामागे साधारण 0.4 मिलिव्होल्ट, म्हणजे अख्ख्या मॉड्यूलला 50. जानेवारीच्या सकाळी कातडी 32 अंश आणि हवा 22, तरी मॉड्यूलच्या वाट्याला जेमतेम अर्धा अंश येतो. बाकीचा फरक कातडी आणि तिला टेकणाऱ्या पत्र्याच्या सांध्यात, आणि त्याहून जास्त फिन (हवेत उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पात्या) आणि हवेच्या मध्ये संपतो.

म्हणून 12703 घेतलं. जोड्या तितक्याच, पण पाय उंच. त्यामुळे उष्णता सावकाश पलीकडे जाते आणि फरक जवळपास दुप्पट टिकतो. मात्र अंतर्गत रोध वाढतो. व्होल्टेज चढवणारा कन्व्हर्टर जोडल्यावर पिनवरचा व्होल्टेज उघड्या, म्हणजे काहीच न जोडता मोजलेल्या, व्होल्टेजच्या निम्म्याहूनही कमी होतो. नुसता मल्टिमीटर लावून 50 मिलिव्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नये, लोड लावूनच मोजावं.

खानदेशातली खरी परीक्षा उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये सकाळी दहा-अकराच्या सुमारास हवा कातडीइतकी तापते आणि वीज शून्यावर येते. दुपारी हवा चाळिशीपार गेली की फिन गरम, कातडी थंड, आणि व्होल्टेज उलटा. 20 मिलिव्होल्टवर सुरू होणारा एलटीसी 3108 हा कन्व्हर्टर उलट्या व्होल्टेजवर चालत नाही. आम्ही एलटीसी 3109 वापरतो. त्याला 1:100 चे दोन ट्रान्सफॉर्मर लागतात, सुरू व्हायला 30 मिलिव्होल्ट लागतात, पण दोन्ही दिशा चालतात. थंडीत उभ्या माणसावर तो कधी गप्प राहतो. माणूस चालू लागला, फिनला वारा लागला की सुरू होतो.

मधला शून्याचा काळ वीज साठवणारा सुपरकपॅसिटर भरून काढतो. रीडिंग दर दहा सेकंदांनी पाठवलं तर सगळा खर्च वीस मायक्रोवॉटच्या आसपास बसतो. 0.1 फॅरडचा कपॅसिटर 5 व्होल्टपासून 3 व्होल्टपर्यंत उतरताना 0.8 ज्यूल देतो, म्हणजे हिशेबाने अकरा तास. पण कपॅसिटरची स्वतःची गळती 5 मायक्रोअँपिअर असली तर तीच सर्किटइतकी वीज खाते. चार्ज केल्यावर लगेच मोजलेली गळती फसवी असते. एक दिवस व्होल्टेजवर ठेवून मगच मोजतो आणि लॉट घेतो. पट्टे भरलेल्या कपॅसिटरनेच पाठवतो, नाहीतर पहिल्या दिवशी कित्येक तास काहीच दिसत नाही.

घामाचं क्षार मॉड्यूलच्या कडेने आत गेलं की पाय जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात आणि रोध चढतो. कडेला सिलिकॉनची बारीक रेघ द्यायची. पायांमधली पोकळी भरून टाकली तर उष्णता सिलिकॉनमधूनच पलीकडे जाते. कातडीकडे 1 मिमीचा अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचा पत्रा. स्टील उष्णता नीट वाहत नाही. आणि फिनवर शर्टाची बाही आली तर बाकी सगळं करून उपयोग नाही, म्हणून पट्टा बाही संपते त्याच्या खाली, उघड्या कातडीवरच बांधायचा.

सध्या फिनवर ओल्या सुती कापडाचं आवरण चाचणीत आहे. आपल्याकडची दुपार कोरडी. 43 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेत ओलं कापड पंचविशीपर्यंत उतरू शकतं, म्हणजे फरक पुन्हा सुलटा आणि जानेवारीच्या तोडीचा. अडचण बोअरच्या पाण्याची. त्याचा खार फिनच्या फटीत बसतो, म्हणून आवरण काढून धुता येईल अशी खोबण नव्या साच्यात घेतली आहे.